सायकल-सवाल: माघाची थंडी, बाभळीचा काटा आणि उसाचा ट्रॅक्टर

गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा उरकली की सोलापुरात दोन गोष्टी ठरलेल्या. एक म्हणजे चहाच्या टपरीवर "यंदा थंडी लई आहे बे" आणि दुसरी म्हणजे दिवाळीत घेतलेली सायकल आता तरी बाहेर काढू म्हणणारी मंडळी. त्यामुळं या वेळची पत्रं जवळपास सगळी एकाच विषयाची आहेत, सकाळच्या गारठ्यात शहराबाहेर गावाकडच्या रस्त्यांनी हौसेनं सायकल चालवण्याची. सारखे सारखे प्रश्न एकत्र केलेत, कुणाचं पत्र राहिलं असेल तर रागावू नका.

प्रश्न: दादा, मी शिक्षिका आहे, वय ४१. आमचा सहा-सात जणींचा ग्रुप पहाटे पाचला विजापूर रोडनं निघतो आणि पुढं आत एखाद्या गावाच्या रस्त्याला वळतो. स्वेटर, त्यावर जॅकेट, कानटोपी सगळं घालूनसुद्धा पहिला अर्धा तास दात वाजतात आणि परत येताना आतून घामानं चिंब. दोनदा सर्दी-खोकला झाला, मिस्टर म्हणतात बंद कर आता. नक्की काय घालावं?
*जुळे सोलापूर*

उत्तर: ताई, कपड्यांचं नंतर बघू, आधी मला सांगा पाच वाजता निघायचं ठरवलं कुणी? थंडी मध्यरात्री सगळ्यात जास्त असते असं आपल्याला वाटतं पण तसं नसतं. जमीन रात्रभर उष्णता सोडत गार होत राहते आणि पारा सगळ्यात खाली जातो तो सूर्य उगवायच्या सुमाराला. फेब्रुवारीत आपल्याकडं सूर्य पावणेसातच्या पुढं उगवतो, म्हणजे तुम्ही पाचला निघून दोन तास थंडी वाढत जाते तिकडंच सायकल हाणताय, वर अंधार आहे तो वेगळाच. साडेसहाला निघा. झुंजूमुंजू झालेलं असतं, खड्डा दिसतो, कुत्रं दिसतं, आणि अर्ध्या तासात पाठीवर ऊन येतं. हौसेची सायकल आहे हो, गिरणीची पाळी गाठायची नाहीये, भोंगे बंद होऊन जमाना झाला. शाळेची वेळ आड येत असेल तर आठवड्यातून दोनच दिवस जा पण उजेडात जा.

आता कपडे. आपल्या सोलापूरची थंडी म्हणजे काय, जानेवारीत सरासरी किमान १५-१६ अंश, एखाद्या आठवड्यात ११-१२ पर्यंत उतरते आणि लोक चादरी पांघरून कट्ट्यावर बसतात. पण सायकलवर तुम्ही ताशी १८-२० च्या वेगानं जाता तेव्हा तेवढ्या वेगाचा वारा तुम्ही स्वतःच तयार करता आणि तो विणलेल्या स्वेटरमधून आरपार जातो. वरचं प्लास्टिकसारखं जॅकेट वारा अडवतं पण घामही आतच कोंडतं, म्हणून आधी दात वाजतात आणि नंतर आंघोळ होते, दोन्हीचं कारण तेच कपडे. आत स्पोर्ट्सचा पातळ पॉलिस्टर टी-शर्ट, त्यावर एक फुल बाह्यांचा, आणि सगळ्यात वर पातळ विंडचीटर ज्याची चेन चालता चालता खाली ओढता येते, बास. आतला टी-शर्ट सुती नको, सुती कापड घाम पिऊन बसतं आणि वाळत नाही. गेटपाशी उभं असताना थोडं गार वाटलं पाहिजे, गेटपाशीच उबदार वाटलं तर एक कपडा जास्त झालाय असं समजा.

विंडचीटर विकत घ्यायच्या आधी फुकटातला उपाय करून बघा. कालच्या पेपरची दोन पानं छातीवर शर्टाच्या आत सरळ बसवायची. हसू नका, 'टूर द फ्रान्स' या फ्रान्समधल्या मोठ्या शर्यतीत डोंगराच्या माथ्यावर पोचलेले सायकलपटू उतारावर छातीला वारा लागू नये म्हणून हेच करत आले आहेत. गरम व्हायला लागलं की पान काढून खिशात, परत येताना कुठं भजी खाल्लीच तर हात पुसायला.

कानटोपीवर हेल्मेट नीट बसत नाही, त्यापेक्षा कानपट्टी वापरा. तोंडावर पातळ रुमाल बांधा आणि नाकानं श्वास घ्या, बऱ्याच जणांचा खोकला हा गार कोरडी हवा तोंडानं ओढल्यामुळं उठतो. सर्दी विषाणूमुळं होते, सायकलमुळं नाही, हे मिस्टरांना सांगा. पण ओल्या कपड्यात वाऱ्याला बसून अर्धा तास चहा-गप्पा करायच्या आणि मग हुडहुडी भरली म्हणायचं हेही बरोबर नाही, पिशवीत एक कोरडा टी-शर्ट ठेवा.

आणखी दोन गोष्टी. ओढ्यापाशी, नदीच्या पुलापाशी किंवा पाणी दिलेल्या उसाच्या कडेनं जाताना एकदम गारठा लागतो, गार हवा जड असते, ती खोलगट जागेत साचून राहते, तिथं पोचायच्या आधी विंडचीटरची चेन वर ओढा. आणि वारा असेल त्या दिवशी जाताना वारा तोंडावर घ्या, येताना पाठीवर. उलटं केलंत तर जाताना मजेत घाम काढाल आणि येताना तोच घाम समोरच्या वाऱ्यात गार पडेल, आपल्याकडच्या उघड्या माळावर तर वारा अडवायला झाडसुद्धा नसतं.

प्रश्न: रात्री हवा फुल्ल भरून ठेवली तरी सकाळी टायर मऊ लागतं. थंडीत हवा आखडते असं पंक्चरवाला म्हणतो. खरं का?
*अशोक चौक*

उत्तर: खरं आहे पण अगदी थोडं. टायरमध्ये ६० पीएसआय असेल आणि तापमान १० अंशानं उतरलं तर दाब साधारण अडीच पीएसआयनं कमी होतो, अंगठ्यानं दाबून तेवढं कळतसुद्धा नाही. एका रात्रीत मऊ पडतंय म्हणजे हवा कुठून तरी जातेय. व्हॉल्ववर थुंकीचा थेंब लावा, बुडबुडा फुगला तर गुन्हेगार सापडला. जुन्या काळ्या सायकलीच्या व्हॉल्वमध्ये बारीक रबरी नळी असते ती चिरते, पाच मिनिटांचं काम आहे. तिथं काही नसेल तर ट्यूब काढून पाण्यात धरा. आणि हवा किती भरायची ते टायरच्या कडेला छापलेलंच असतं, गावच्या खडबडीत रस्त्याला त्यातल्या वरच्या आकड्यापर्यंत जाऊ नका, थोडी कमी ठेवली की मनगटं वाचतात.

प्रश्न: दादा मी बाळ्याला राहतो, कॉलेजला आहे. हायवे सोडून आत शेताच्या रस्त्यांनी जायला लई आवडतं पण दर रविवारी पंक्चर, एकदा तर एका सकाळीच दोन. मित्र म्हणतात टायर बदल. महागाचं टायर घेऊ का?
*बाळे*

उत्तर: भावा, टायरवर पैसे घालायच्या आधी हे वाच. दोष टायरचा कमी आणि हंगामाचा जास्त आहे. या दिवसांत ज्वारी कणसात, हरभरा घाट्यात, आणि जनावरं आत शिरू नयेत म्हणून लोक वेड्या बाभळीच्या नाहीतर बोरीच्या फांद्या तोडून बांधावर कुपाटी घालतात. त्या फांद्या ओढत नेतात त्या याच रस्त्यावरून. त्यातले काटे कडेला पडून राहतात. शिवाय पावसाळ्यात उगवलेला सराटा आता वाळलेला असतो, त्याचं बोंड कसंही पडलं तरी एक टोक वर असतंच. म्हणून पहिला नियम, रस्त्याच्या अगदी कडेनं चालवायचं नाही. जीप-ट्रॅक्टरच्या चाकांनी जो पट्टा साफ झालेला असतो त्यातल्या डाव्या पट्ट्यातून चालवायचं, मागून गाडी आली तरच कडेला.

आता एका सकाळी दोन पंक्चरचं. तो बहुतेक एकच काटा होता. बाभळीचा काटा टायरमधून आत जातो, ट्यूब फोडतो आणि टायरच्या रबरातच मोडून बसतो. बाहेरून बघशील तर काही दिसत नाही, काळ्या रबरात काळसर ठिपका, आत मात्र अर्धा मिलिमीटर टोक वर. तू नवीन ट्यूब घातलीस की दोन किलोमीटरवर तीही जाते. म्हणून ट्यूब काढल्यावर आधी ती फुगवून गालाजवळ फिरव, हवा कुठून लागते बघ, मग ट्यूबचा व्हॉल्व रिमच्या व्हॉल्वच्या भोकाशी जुळवून ट्यूब टायरवर ठेव म्हणजे टायरमध्ये काटा कुठं असेल ते कळतं. तिथं टायरच्या आतून रुमाल फिरव, बोट फिरवू नकोस, रुमालाचा धागा अडकतो तिथं काटा आहे. टायर तिथं उलट्या बाजूला वाकवला की टोक वर येतं, ते नेलकटरनं धरून ओढायचं. माझ्या मते हौशी सायकलवाल्याच्या पिशवीत चकचकीत मल्टीटूलच्या आधी नेलकटर पाहिजे.

चिकटवायचं काम थंडीत फसतं ते घाईमुळं. ट्यूब पॉलिश पेपरनं घासायची, सोल्युशन पातळ लावायचं आणि थांबायचं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत. मे महिन्यात हे दोन-तीन मिनिटांत होतं, माघातल्या सकाळी त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो कारण सोल्युशनमधला द्रव गारठ्यात सावकाश उडतो, त्यात दव पडलेलं असेल तर ट्यूबवर ओल राहते ती वेगळी. ओल्यावर लावलेला पॅच गावाच्या वेशीपर्यंत टिकतो आणि बरोब्बर जिथं दुकान नाही तिथं सुटतो. म्हणून रस्त्यावर चिकटवत बसूच नकोस, एक जास्तीची ट्यूब ठेव, टायर उचकायचे दोन प्लास्टिकचे लिव्हर, छोटा पंप, ट्यूब बदल आणि चालू पड. घरी येऊन उन्हात निवांत पॅच मार. गावातला पंक्चरवाला रविवारी सकाळी सातला दुकान उघडून तुझी वाट बघत बसणार नाहीये.

आणि टायरमध्ये काटा घुसलेला दिसला पण हवा जात नसेल तर तो उपटू नको, तोच बूच बनून बसलेला असतो, घरापर्यंत येऊ दे. ट्यूबमध्ये सीलंट भरलेलं असेल तर मात्र उपटून चाक फिरवायचं, भोक आपोआप भरतं. पैसे घालायचेच तर महागड्या टायरपेक्षा सीलंट किंवा टायर-ट्यूबच्या मध्ये घालायची जाड पट्टी घे, सायकल थोडी जड चालेल पण तुला कुठं शर्यत जिंकायचीय.

प्रश्न: मी ६६ वर्षांचा, बँकेतून निवृत्त. डॉक्टर चालायला सांगतात, मला चालण्याचा कंटाळा आहे आणि सायकल लहानपणापासून येते. गुडघे कुरकुरतात. थंडीत छातीला त्रास होतो म्हणतात ते कितपत खरं आणि माझ्यासारख्यानं कुठल्या रस्त्याला जावं?
*होटगी रोड*

उत्तर: काका, छातीचं आधी. गारठ्यात कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आखडतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयाला जास्त जोर लावावा लागतो, हे खरं आहे. बीपी, शुगर किंवा हृदयाचं काही आधीपासून असेल तर डॉक्टरांना नुसतं "व्यायाम करू का" असं विचारू नका, "सकाळी गारठ्यात तासभर सायकल चालवू का" असं सरळ विचारा. चालवताना छातीवर दाब वाटला, जबडा किंवा डावा हात दुखायला लागला, नेहमीपेक्षा जास्त दम लागला तर तिथंच उतरायचं आणि फोन करायचा, घरी जाऊन बघू म्हणायचं नाही. तुम्ही तर ऊन पडल्यावर साडेसातलाच निघा, तुम्हाला कुठं ऑफिस गाठायचंय.

गुडघ्यांचं निम्मं दुखणं सीटच्या उंचीत असतं. आपल्याकडं वय झालं की पाय टेकावेत म्हणून सीट खाली करतात, आणि मग प्रत्येक पायडलला गुडघा जास्त वाकतो आणि वाकलेल्या गुडघ्यानंच जोर लावावा लागतो. भिंतीला धरून सीटवर बसा, पायडल सगळ्यात खाली न्या, त्यावर टाच ठेवा, पाय सरळ झाला पाहिजे. चवडा ठेवून चालवायला लागलात की गुडघ्यात थोडासा वाक उरतो, तेवढाच पाहिजे. गिअर असतील तर पहिली पंधरा मिनिटं हलक्या गिअरवर भरभर पाय फिरवा, गारठलेल्या गुडघ्यावर एकदम जड गिअर टाकू नका. गुडघ्यांवर वारा लागू देऊ नका, चड्डी कॉलेजच्या पोरांना शोभते.

रस्ता तुमच्या घरापासून सोपाच आहे. होटगी गावाकडं जा आणि तलावाच्या बाजूला वळा, चढ-उतार किरकोळ, हिवाळ्यात पाण्यावर पाहुणे पक्षी असतात, दुर्बीण असेल तर गळ्यात अडकवा. दुसरा म्हणजे हिप्परग्याचा तलाव, आपला एकरूख, १८७१ साली आदिला नदीवर मातीचा बांध घालून बांधलेला. पाणी बघत बसावं असं ठिकाण आहे पण तिथपर्यंतचा तुळजापूर रोडचा तुकडा जड वाहनांचा आहे, रविवारीच आणि बरोबर कुणीतरी घेऊनच. पाय जमले की बार्शी रोडनं नान्नजला, एका बाजूला वीसेक किलोमीटर. माळढोकसाठी १९७९ साली अभयारण्य झालं, आज माळढोक दिसेल या आशेनं जाऊ नका, काळवीट मात्र वाळलेल्या गवतात नजरेला पडतात. गवतात सायकल घालायची नाही, आत जायचं तर वनखात्याला विचारून. हत्तरसंग कुडलला जावं असं बऱ्याच जणांनी लिहिलंय, भीमा-सीनेचा संगम आणि शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८चा मराठी शिलालेख, ठिकाण अप्रतिमच आहे, पण जाऊन-येऊन ८० किलोमीटरच्या घरात जातं आणि फेब्रुवारीत परत येताना ऊन ३३ अंशाच्या पुढं असतं. सकाळी कानपट्टी आणि दुपारी घसा कोरडा अशी ती सहल आहे. दोन बाटल्या पाणी आणि तरुण गुडघे असतील तरच.

हे सगळ्या वाचकांसाठी लिहितोय, आत्ता गाळप हंगाम चालू आहे आणि आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने काही कमी नाहीत, त्यामुळं थंडीपेक्षा कितीतरी पटीनं धोकादायक गोष्ट म्हणजे उसाचा ट्रॅक्टर. मागं दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी हातहात बाहेर आलेला, मागं लाल दिवा असेल तर नशीब, आणि ड्रायव्हरनं टेप एवढा मोठा लावलेला की तुमची घंटी त्याच्यापर्यंत पोचतच नाही. वळणावर पुढची ट्रॉली जाते त्या रेषेत मागची जात नाही, आत कापत जाते, आणि तुम्ही नेमके आतल्या बाजूला असता. मागून येतोय असं दिसलं की सरळ रस्ता सोडून खाली उतरा, तो गेला की मग चढा, यात कसला कमीपणा नाही. तो पुढं असेल तर त्याला ओलांडू नका, मागं लांब राहा, वरून मोळीतलं टिपरू, म्हणजे उसाचं कांडकं, केव्हा निसटेल सांगता येत नाही. दवानं ओलं झालेलं टिपरू आडवं पडलेलं असलं की पुढचं चाक त्यावरून सरकतं, तेव्हा ब्रेक न दाबता हॅण्डल सरळ धरून जायचं. अंधारात उसाच्या बैलगाड्या असतात त्यांना तर दिवाच नसतो. आता कळलं ना मी सगळ्यांना उजाडल्यावर निघा का म्हणतोय? तरीपण मागं लाल लुकलुकता दिवा पाहिजेच, धुक्यात तोच कामाला येतो.

प्रश्न: तासाभरात माझी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं. हातमोजे जाड घेतले, फरक नाही. थंडी बाधते का?
*सात रस्ता*

उत्तर: थंडीनं बधिर व्हायची तर सगळी बोटं झाली असती. नेमकी ही दोन म्हणजे तळव्याच्या बाहेरच्या बाजूनं जाणारी नस हॅण्डलवर दाबली जातेय. तुम्ही फार पुढं झुकून तळव्यांवर भार टाकत असणार. सीटचं नाक खाली झुकलंय का बघा, तसं असेल तर अंग पुढं घसरतं, ती सपाट करा. हॅण्डल थोडं वर घ्या, कोपरं ताठ ठेवू नका आणि दर पाच-दहा मिनिटांनी हाताची जागा बदला. जाड मोज्यांनी उलट पकड घट्ट करावी लागते. घरी आल्यावरही मुंग्या जात नसतील तर डॉक्टरला दाखवा.

प्रश्न: माझा मुलगा १३ वर्षांचा आहे, मित्रांबरोबर देगावकडं सायकलनं जातो. तिकडं मेंढ्यांचे कळप बसलेले असतात आणि त्यांची कुत्री अंगावर येतात. पाठवू का नको?
*दमाणी नगर*

उत्तर: पाठवा की ताई. ती कुत्री राखणीची आहेत, मेंढ्या सांभाळणं हे त्यांचं काम आहे आणि जोरात येणारी सायकल म्हणजे त्यांच्या हिशेबानं संकट. कळप दिसला की लांबूनच सायकल हळू करायची, कुत्रं धावलं तर खाली उतरायचं, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मधे धरून चालत पुढं जायचं, पळायचं नाही, दगड उचलायचा नाही, डोळ्यात डोळे घालून बघायचं नाही. बऱ्याचदा चालणाऱ्या माणसाला ती सोडून देतात. कळपाच्या मधून वाट काढायची नाही, धनगराला लांबून हाक मारायची, "मामा, कुत्रं आवरा", तो एक शीळ घालतो आणि काम होतं. चावलंच, अगदी नुसतं खरचटलं तरी, साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी सरकारी दवाखान्यात जायचं. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. पोरगं भीतीनं घरी सांगत नाही हा खरा धोका असतो, "चावलं तर मी रागावणार नाही" हे त्याला आधीच सांगून ठेवा.

प्रश्न: मुलीनं एकटीनं गावाकडच्या रस्त्याला जावं का? घरचे नाही म्हणतात.
*विडी घरकुल*

उत्तर: सुरुवातीला दोघी जा, एकाच ठरलेल्या रस्त्यानं. चार रविवारी तोंडओळख झाली की टपरीवाला, दूधवाला, शाळेतली पोरं सगळे "आज उशीर झाला का ओ?" विचारायला लागतात, आणि ती ओळख लई कामाची असते. फोनवर लोकेशन घरी चालू ठेवा, घरच्यांची निम्मी चिंता तिथंच मिटते. बाकी घरच्यांना हा अंक वाचायला द्या, उजाडल्यावर निघायचं म्हटलं की ते पण थोडे नरम पडतात बघा.

प्रश्न: मित्राच्या शेतात हुरड्याला सायकलवरून जायचा बेत आहे, कुंभारीच्या पुढं. खाऊन परत सायकल चालवता येते का?
*कन्ना चौक*

उत्तर: येते, पण हुरडा भरभक्कम असतो, वर शेंगाचटणी, गूळ, दही, आणि मित्राची आई "अजून एक कणीस" म्हणणार. खाऊन तासभर आडवे व्हा आणि मग निघा. हुरड्याचे दिवस आता संपत आलेत, कणसं टणक व्हायला लागली की मजा नाही, म्हणून या रविवारीच जा. शिवरात्र झाली की थंडी शिव शिव म्हणत जाते आणि मग शेतात हुळा, म्हणजे ओला हरभरा भाजायला बसलात तरी सावली शोधावी लागते. एक मात्र सांगतो, हरभऱ्याचे ढाळे उपटायला सकाळी सकाळी रानात शिरू नका. पानांवर जे दव दिसतं ते नुसतं पाणी नसतं, त्यात आंब असते, आंबट आम्ल. पँट गुडघ्यापर्यंत भिजते, आणि थंडीनं उललेल्या पायांना, सायकलच्या घर्षणानं सोललेल्या मांडीला ते लागलं की असं झोंबतं की कुंभारी ते कन्ना चौक सीटवर बसवत नाही. ऊन वर येऊ द्या, पानं वाळू द्या, मग खुशाल उपटा. आणि शेत मित्राचंच आहे ना ते आधी बघा.